डॉट कॉमच्या आधीचं नाव

मंडळी, "यंदा इतिहासावर काहीतरी लिहा" असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा स्पॅनिश आर्च असणार. मी मात्र लिहितोय वेबसाइटच्या नावांचा इतिहास. त्यात आपल्या गॉलवेचा थोडा वाटा आहे आणि माझ्या एका चुकीचाही.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही अमेरिकन कंपनी गॉलवेत १९७१ साली आली. १९९३ मध्ये इथलं हार्डवेअरचं उत्पादन बंद झालं आणि शेकडो घरांवर कुऱ्हाड कोसळली. त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन सुरू केलं. जुन्या लोकांना आठवत असेल, गूगलच्या आधी आपण सगळे तिथेच शोधाशोध करायचो. गंमत म्हणजे अल्टाव्हिस्टा डॉट कॉम हे नाव त्यांच्याकडे नव्हतंच! ते दुसऱ्याच एका छोट्या कंपनीने आधी घेतलेलं. यांचा पत्ता अल्टाव्हिस्टा डॉट डिजिटल डॉट कॉम. लोक अंदाजाने सरळ नाव टाइप करायचे आणि भलत्याच दारात जाऊन उभे राहायचे. १९९८ साली कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली आणि त्याच वर्षी त्या एका नावासाठी ३० लाख डॉलरहून जास्त मोजले.

तो काळच तसा होता. काही हवं असलं की तो शब्द टाइप करायचा, पुढे डॉट कॉम लावायचं आणि बघायचं काय उघडतंय ते. म्हणून तर १९९९ साली बिझनेस डॉट कॉम हे नुसतं नाव ७५ लाख डॉलरला गेलं. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घेतली. त्यांच्या साइट्सची नावं आठवतात? समाचार, खोज, खेल, बावर्ची. बातम्या हव्यात तर समाचार, पाककृती हवी तर बावर्ची. परदेशात बसून क्रिकेटचा स्कोअर बघणाऱ्या आपल्यासारख्यांना ती पाठच होती.

आता सर्च इंजिनला नावाचा इतका पुळका का? सुरुवातीची इंजिनं मुख्यतः शब्द जुळवत. पानावर, शीर्षकात, पत्त्यात तो शब्द आहे का, एवढंच पाहायची. १९९८ साली गूगल आलं आणि त्याने वेगळा हिशेब मांडला: दुसरे लोक तुमच्याकडे किती दुवे देतात आणि दुवा देताना कोणते शब्द वापरतात. इथेच मेख होती. तुमच्या साइटचं नावच 'स्वस्त विमान तिकीट' असेल, तर दुवा देणारा बिचारा नाव लिहितो, पण गूगलला वाटतं, हा म्हणतोय की स्वस्त तिकीट इथे मिळतं! म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून फुकटची शिफारस. नावं साठवून ठेवणाऱ्यांचं फावलं ते यामुळे.

मराठीत हा खेळ जमणं कठीणच. रोमन लिपीत आपला एकेक शब्द चार तऱ्हांनी लिहिला जातो. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोलीच्या पत्त्यात 'ए' दोनदा येतो, हे मला दर वेळी चुकल्यावरच आठवायचं.

आता माझी चूक. २०१० साल. आयर्लंडमध्ये मंदी, आमच्या मित्राची नोकरी गेलेली. वहिनींनी सॉल्टहिलच्या घरातून डबे द्यायला सुरुवात केली. वेबसाइटला त्यांना सासूबाईंचं नाव द्यायचं होतं. मी म्हटलं, "वहिनी, ते नाव इथे कोण शोधणार? गावाचं नाव, इंडियन आणि टिफिन, तीन शब्द जोडून टाका." त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला कळतं." झालं! मी ते डॉट कॉम घेऊन दिलं. दोन पानं, चार फोटो, बाकी सगळा तोच तोच मजकूर. तरी पहिल्या वर्षी साइट वरच दिसायची. विद्यार्थ्यांचे फोन यायचे. वहिनींनी मोठी पातेली घेतली, फ्रीज घेतला. माझी कॉलर ताठ!

२८ सप्टेंबर २०१२ रोजी गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केलं की नाव शब्दाला जुळतं पण आत दम नाही, अशा साइट्सना यापुढे वर जागा मिळणार नाही. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्क्यांवर परिणाम होईल असं ते म्हणाले. आकडा किरकोळ वाटतो. पण आमची साइट अगदी त्या वर्णनात बसणारी होती, आणि त्या हिवाळ्यात ती खाली खाली जात दिसेनाशीच झाली. फोन थांबले. फ्रीजचे हप्ते मात्र चालू होते. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण, आपल्या मंडळाच्या नव्या साइटच्या नावावरून समितीत चाललेला वाद. "शब्द जोडा, गूगलवर वर येऊ" हे वाक्य मी परवा पुन्हा ऐकलं. डॉट आयई हे नाव घ्यायला २०१८ च्या मार्चपर्यंत आयर्लंडशी नातं आणि त्या नावावर हक्क, दोन्ही दाखवावं लागायचं. आता नातं दाखवलं की पुरतं, म्हणून मोह वाढलाय. पण खुद्द गूगलचं मार्गदर्शन आज सांगतं की केवळ नावातल्या शब्दांचा क्रमावर जवळजवळ काही परिणाम होत नाही. बाकी समितीची मर्जी, माझं मत मी मिनिट्समध्ये नोंदवलंय.

वहिनींनी पुढे शनिवारच्या बाजारात, सेंट निकोलस चर्चजवळ, मित्राच्या स्टॉलवर अर्धं टेबल मिळवलं. पाटीवर सासूबाईंचं नाव, हाताने लिहिलेलं. आयरिश गिऱ्हाइकं ते नाव तीन तऱ्हांनी उच्चारायची, पण परत यायची. डॉट कॉमचं नूतनीकरण मी केलं नाही. मागे एकदा सहज टाइप करून पाहिलं तर कुणीतरी दुसऱ्याने ते घेतलेलं. वहिनींना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, "त्यांना सांगा हो भाऊजी, फ्रीज घेऊ नका म्हणावं."