वजाबाकीतले बग

गेल्या शनिवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर तिने भाच्याची तिसरीची गणिताची वही माझ्यापुढे टाकली. "तू एवढा इंजिनियर ना, मग बघ जरा याचे प्रताप!" पानभर लाल फुल्या आणि खाली शेरा, 'लक्ष देऊन सोडव'. भाचा खाली मान घालून म्हणाला, "मामा, मी ढ आहे." आठ वर्षांचं पोर हो! पोटात कसंतरीच झालं.

वही बघायला लागलो. ५२ – २७ = ३५. ८१ – ४६ = ४५. ७० – ३४ = ४४. आणि ६८ – २५ = ४३, हे मात्र बरोबर. दिवसभर दुसऱ्यांचा कोड निस्तरणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नसतं तरच नवल. पोरगं निष्काळजी अजिबात नव्हतं. वरचा अंक कुठला, खालचा कुठला हे न बघता तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करत होता. उत्तर चुकीचं, पण दर वेळी एकाच नियमाने चुकीचं. म्हणजे चक्क बग!

गंमत म्हणजे हा शब्द मी लावलेला नाही. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर एक निबंध लिहिला आणि त्या चुकांना 'बग' असंच म्हटलं. हे काम झालं अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीत. १९६९ मध्ये आर्पानेटची यंत्रं, म्हणजे आपल्या राउटरचे आजोबा, बनवणारी तीच ही कंपनी. त्यांना मुलांची उत्तरं मिळाली कुठून, तर निकाराग्वातून! तिथे सत्तरच्या दशकात रेडिओवरून गणित शिकवायचा प्रकल्प चालू होता. तिथल्या सुमारे १३०० मुलांच्या वजाबाक्या त्यांनी प्रोग्रॅमला खायला घातल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच मुलांच्या चुका अशा ठरावीक बगांनी समजावता आल्या. आमच्या भाचेसाहेबांचा बग तर त्यात अगदी वरच्या नंबरात होता.

त्यांनी 'बगी' नावाचा एक खेळही केला, शिक्षकांसाठी. कॉम्प्युटर चुकणारा विद्यार्थी व्हायचा आणि शिक्षकाने गणितं घालून घालून त्याचा बग ओळखायचा. पुढे १९८० मध्ये ब्राउन आणि कर्ट व्हॅनलेन यांनी हे बग येतात कुठून यावर सिद्धांत मांडला. मूल अडलं की थांबत नाही, हाताशी असेल त्यातून काहीतरी ठिगळ लावून पुढे जातं. म्हणजे आपण शुक्रवारी संध्याकाळी करतो तेच!

भाच्याच्या ठिगळाचं कापड मात्र आपणच दिलेलं असतं. पहिलीत आपण घोकून घेतो, 'मोठ्यातून लहान वजा करायची'. तो बिचारा तेच तर करत होता.

मग मी पाकीट काढलं. दहाच्या पाच नोटा आणि एक-एकची दोन नाणी त्याला दिली. "मला सत्तावीस रुपये दे." त्याने दोन नोटा दिल्या, नाण्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, सुट्टे नाहीत." "मग?" "नोट मोडू या ना!" झालं. पंचवीस रुपये उरले, हे त्यानेच मोजून सांगितलं.

शाळेत याला 'उसने घेणे' म्हणतात. पण यात परत काहीच करत नाही, मग उसनं कसलं? आमचे आजोबा वेगळं करायचे. "बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." वर दहा मिळवले, खाली एक दशक मिळवलं, फरक तेवढाच राहिला. यात उसनं फेडलं तरी जातं! अमेरिकेत या दोन पद्धतींत कुठली बरी यावर बराच वाद झाला. १९४९ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि हॅरॉल्ड मोझर यांनी तिसरीच्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्थ समजावून शिकवलं तर नोट मोडायची पद्धत सरस ठरते, असं त्यातून निघालं, आणि तिथल्या शाळांत तीच रुळली. मला त्यातला 'समजावून' हा शब्द पद्धतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

असो. निघता निघता भाच्याला १०३ – ४५ घातलं. उत्तर आलं १५८. ताईने कपाळाला हात लावला. मला मात्र हसू आलं, कारण शून्याचे नऊ करून शंभर तसेच ठेवायचे, हा बगही निकाराग्वात सापडला होता.

"शंभराची नोट मोडलीस ना? मग ती अजून तुझ्या खिशात कशी?"

त्याने क्षणभर विचार केला, खोडरबर घेतला आणि पुढचा एक पुसून टाकला.