लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर घेताना चित्र का फुटतं?

वर्ध्याला रामनगरमध्ये माझी आजी राहते. तिच्या टीव्हीखाली अजून डीव्हीडी प्लेयर आहे आणि तो तिचा तिला चालवता येतो. व्हिडिओची लिंक पाठवली की म्हणते, "ते मोबाइलमधलं मले दिसत नाही बरोबर. टीव्हीवर लावून दे." मामाच्या लग्नाचं शूटिंग २००३ सालचं, तीन मिनी-डीव्ही कॅसेट, एकूण तीन तास. आजोबांचा आवाज घरात फक्त तिथेच उरला आहे. म्हणून त्याची डीव्हीडी करायला घेतली आणि दोनदा तोंडावर पडले.

पहिली चूक बहुतेक सगळेच करतात. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेली एमपी४ फाइल मी पेनड्राइव्हवर टाकावी तशी डिस्कवर टाकली. कॉम्प्युटरवर सुरू, आजीच्या प्लेयरवर 'डिस्क एरर'. कारण साधं आहे. डीव्हीडी प्लेयर १९९६ मध्ये जपानमध्ये बाजारात आले आणि त्यांना तेव्हा ठरलेली भाषाच कळते. चित्र एमपेग-२ पद्धतीने बांधलेलं हवं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ आकाराचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. आणि हे सगळं 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावांच्या फाइलींमध्ये. मोबाइलचं आजचं शूटिंग एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये असतं. ते जुन्या प्लेयरच्या गावीही नसतं.

म्हणजे आधी एन्कोड करायचं, मग मेनू आणि फोल्डर बांधायचे (याला ऑथरिंग म्हणतात), आणि शेवटी बर्न. डीव्हीडीस्टायलरसारखं मोफत सॉफ्टवेअर ही तिन्ही कामं करतं. हँडब्रेक अनेकांकडे असतं, पण त्यातून थेट प्लेयरवर चालणारी डीव्हीडी तयार होत नाही. तिथे वेळ घालवू नका.

अक्षता पडल्या आणि आजोबा गायब

दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअर बरोबर होतं, हिशेब चुकला. तीन तास एकाच डिस्कवर बसवले. डिस्क सुरू झाली, आजी खूश. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या आणि पडद्यावर नुसते चौकोन. आजोबांचा चेहरा त्या चौकोनांमागे.

हे का होतं? एमपेग-२ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र ठेवतात आणि मधल्या फ्रेममध्ये 'काय बदललं' एवढीच नोंद असते. मांडवात माणसं शांत बसली असतील तर बदल थोडा, नोंद छोटी. अक्षता पडताना मात्र हजारो दाणे एकदम हलतात, वर कॅमेऱ्याचा लाइट, मागे झगमगणारी झालर. सगळंच बदलतं. तेवढं लिहायला जागा नसली की एन्कोडर चित्र चौकोनांमध्ये गुंडाळून मोकळा होतो. वरातीच्या नाचाचंही तेच.

जागा किती, हे आधीच काढता येतं. साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ते ४.३७ दाखवतो. (फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी.) म्हणजे ढोबळ ३७,६०० मेगाबिट. याला शूटिंगच्या सेकंदांनी भागा. तीन तासांचे १०,८०० सेकंद, म्हणून सेकंदाला जेमतेम ३.५ मेगाबिट, त्यातच आवाजही. मूळ मिनी-डीव्ही कॅसेटवर चित्रालाच सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट असतात. दोन तास घेतले तर ५.२ मिळतात, दीड तासाला जवळपास ७. एका तासाला भागाकार १०.४ येतो, पण चित्रासाठी डीव्हीडीची कमाल मर्यादा ९.८ आहे. घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेयर त्याही आधी अडखळतात, म्हणून ८ च्या वर जाऊ नये.

मी शेवटी दीड-दीड तासाच्या दोन डिस्क केल्या आणि 'टू-पास' पर्याय निवडला. यात एन्कोडर आधी सगळं शूटिंग एकदा पाहून घेतो, अक्षता कुठे आणि भाषण कुठे हे टिपतो आणि दुसऱ्या फेरीत जागा तशी वाटतो. वेळ जवळपास दुप्पट लागतो. लागू द्या.

मिनी-डीव्हीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. यात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या पट्ट्यांमध्ये टिपलेली असते आणि खालची पट्टी आधी येते. सेटिंगमध्ये 'बॉटम फील्ड फर्स्ट' ठेवा. उलटं झालं तर नाचणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. मोबाइलच्या शूटिंगचा त्रास वेगळा. त्याचा फ्रेमचा वेग कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे तासाभरात ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आधी ते २५ फ्रेमवर स्थिर करून घ्यावं. उभं शूटिंग असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच.

बर्न करताना कमी वेग निवडा, ४एक्स किंवा ८एक्स, आणि डिस्क 'फायनलाइज' करा. नाहीतर ती तुमच्याच कॉम्प्युटरपुरती राहील. वर कागदी लेबल चिकटवू नका.

लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता त्याला खराब करतात, आणि वर्ध्याचा मे महिना तर तुम्हाला माहीतच आहे. आजीच्या डिस्क आता टीव्हीवर नाही, आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात उभ्या ठेवल्या आहेत. मामाने विचारलं, "आता कॅसेट टाकून देऊ?" नाही म्हटलं. डीव्हीडीत जे गाळलं गेलं ते परत येत नाही. मूळ ४० जीबीची फाइल दोन हार्डडिस्कवर आहे, कॅसेट कपाटात. दुसरी डिस्क आजी रोज संध्याकाळी लावते, आणि आजोबा बोलायला लागले की रिमोटने आवाज वाढवते.