एका अक्षराची चूक, अर्थात बॉम्बे ब्लड ग्रुप

मागच्या आठवड्यात ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, ते पिवळं टी-शर्ट घेतलं (जे आता घरी फरशी पुसायला जाणार) आणि कार्डावर शिक्का पडला, 'ओ पॉझिटिव्ह'. शेजारच्या खुर्चीतला टेस्टिंगवाला मित्र म्हणाला, "तू खात्रीने ओ आहेस का रे? का बॉम्बे?" मला वाटलं हा मुंबईकर म्हणून पुणेकराला डिवचतोय. पण शनिवार-रविवार वाचत बसलो आणि डोकं चक्रावलं.

तर आधी थोडं बॅकग्राउंड. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने माणसांच्या रक्ताचे गट पाडले. त्यासाठी १९३० साली त्याला नोबेल मिळालं. पुढची पन्नास वर्षं ए, बी, एबी, ओ ही चौकट एकदम पक्की होती. ज्याच्या लाल पेशींवर ए नाही आणि बी नाही तो ओ. विषय संपला.

१९५२ साली मुंबईत विषय परत उघडला. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसं अशी सापडली की पेशी तपासल्या तर ओ, पण त्यांचा सीरम ओ गटाच्याही पेशींच्या गुठळ्या करतोय! ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त, आणि यांना तेच चालत नाही. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटपर्यंत गेले. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये लेख आला, त्यावर भेंडे, देशपांडे, भाटिया आणि लंडनमधले चार जण अशी सात नावं आहेत. एवढी मोठी गोष्ट, आणि ती मला कॉलेजात कोणी सांगितली नाही. बारावीच्या बायोलॉजीतही वाचल्याचं आठवत नाही. असो.

आता भानगड काय होती ती बघू. आपल्यासारख्या प्रोग्रामर मंडळींना ही लगेच कळेल. ए आणि बी हे स्वतंत्र पदार्थ नाहीत. पेशीवर आधी 'एच' नावाची साखरेची साखळी तयार होते. ए वाल्यांचं एन्झाइम त्या एचच्या टोकाला एक साखर लावतं, बी वाल्यांचं दुसरी लावतं. ओ वाल्यांचं एन्झाइम बिघडलेलं असतं, म्हणून एच तसाच उघडा राहतो. म्हणजे एच हा बेस क्लास, ए आणि बी हे डिराइव्ह्ड. बॉम्बेवाल्यांचा बेस क्लासच गायब! मग ए-बीचे जीन्स एकदम व्यवस्थित असले तरी लावणार कुठे? चाचणीत येतं 'ओ'.

आणि एच शरीराला अनोळखी असल्यामुळे त्याच्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार असतात. अशा माणसाला ओ गटाची बाटली चढवली तर पेशी फुटायला लागतात, जिवावर बेततं. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच रक्त चालतं. गंमत म्हणजे एरवी या माणसाला काही आजार नाही, अशक्तपणा नाही. जन्मभर कळणारही नाही. कळतं ते अपघाताच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी, म्हणजे नेमकं जेव्हा वेळ हातात नसतो.

हा एच बांधणारा जीन म्हणजे एफयूटी-१. तो १९९० साली हाती लागला आणि पुढच्या काही वर्षांत भारतीय बॉम्बेवाल्यांतला बिघाडही सापडला. ७२५ व्या जागी टीच्या ऐवजी जी. बस्स! त्यामुळे ३६५ अमिनो आम्लांच्या साखळीत २४२ व्या जागी ल्युसिनऐवजी अर्जिनिन येतं आणि एन्झाइम ठप्प. (ओ गटाची नेहमीची चूक वेगळीच आहे. तिथे एक अक्षर गळतं आणि पुढचं सगळं वाचन एका अक्षराने सरकतं. बाहेरून दोन्ही चुकांचा आउटपुट सारखाच, बग मात्र दोन निरनिराळ्या फाइलींत.)

यातला कौटुंबिक भाग मला जास्त अस्वस्थ करून गेला. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी एक कुटुंब अभ्यासलं. आई 'ओ', मुलगी 'एबी'. पुस्तकी नियमाने हे अशक्य. खरं तर आईकडे बीचा जीन होताच, फक्त तो दिसत नव्हता. तो मुलीत जाऊन उगवला. लेव्हिन यांनीच याला 'बॉम्बे' नाव दिलं. पण विचार करा, आपल्याकडे कोणी सुशिक्षित सासरेबुवा दोन रिपोर्ट शेजारी ठेवून त्या बाईला काय काय ऐकवतील? अर्धवट विज्ञान हातात असलेला माणूस फार वाईट.

भारतात हे प्रमाण साधारण दहा हजारांत एक आहे असं सांगतात, युरोपात दहा लाखांत एक. दहा हजारांत एक म्हणजे हिशोबाने दर पन्नास माणसांत एक जण वाहक, कंपनीच्या एका बसमध्ये एक! अर्थात हा हिशोब लग्नं कशीही जुळतात असं धरून आहे, आणि आपल्याकडे ती कशी जुळतात ते मॅट्रिमोनियल साइटवरचे कॉलम बघा. जातीतच, आणि कित्येक ठिकाणी मामाच्या मुलीशीच. दोन वाहक एकत्र यायची शक्यता त्याने वाढते. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आता स्थळं बघताना हेही विचारायचं का?" मी विषय बदलला.

१९५७ साली मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं, तीच आजची केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. १९९५ साली शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं बॉम्बेच राहिलं. आणि या लोकांचं खरं जाळं आजही फोनवरच चालतं. २०२४ साली महाराष्ट्रातला एक जण चारशेहून जास्त किलोमीटर गाडीने जाऊन इंदूरला एका बाईंना रक्त देऊन आला.

सोमवारी मी रक्तपेढीला फोन लावला. म्हटलं, माझ्या पेशी तपासल्यात, पण सीरम ओ पेशींबरोबर तपासला का? पलीकडच्या बाई जरा हसल्या. "दोन्ही बाजूंनी तपासतो हो आम्ही. तुम्ही साधे ओच आहात. तीन महिन्यांनी परत या."