मोजलेली पावले

आपल्या भाषेतील दिशांच्या नावांना मनुष्यदेहाचा आधार आहे. ‘पूर्व’ म्हणजे पुढची, ‘पश्चिम’ म्हणजे मागची, ‘दक्षिण’ म्हणजे उजव्या हाताची. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाने केलेली ही वाटणी आहे. परंतु दिशा उमगली तरी आपण नेमके कोठे आहोत, हे उमगतेच असे नाही; त्यासाठी चाललेल्या अंतराचा हिशेब ठेवावा लागतो. देहानेच ठेवलेल्या अशा हिशेबाचे विलक्षण उदाहरण एकोणिसाव्या शतकातील हिमालयाच्या सर्वेक्षणात आढळते.

त्या काळी तिबेटमध्ये युरोपीयांना प्रवेश नव्हता. म्हणून सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी यांनी हे काम सीमेवरील भारतीयांवर सोपविले. कुमाऊँमधील मिलम गावचे शिक्षक नैनसिंह रावत १८६३ मध्ये प्रशिक्षणासाठी डेहराडूनला आले. चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडावे, असा सराव त्यांनी केला. सुमारे २,००० पावलांचा एक मैल होई. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावलांमागे एक मणी सरकत असे. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींचे कागद होते.

चढावर वाट लांबल्यासारखी वाटते, थकव्याने अंतराचा अंदाज चुकतो. मोजणीने या भ्रमाला आवर बसे. तथापि पावलांतील बारीकशी चूकही मैलोगणती साठत जाते. म्हणून रात्री लपविलेला सेक्स्टंट काढून ताऱ्यांच्या उंचीवरून अक्षांश ठरविला जाई, आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून स्थळाची उंची. जमिनीवरील हिशेबाला आकाशाची साक्ष मिळे. १८६५ मध्ये काठमांडूहून निघून जानेवारी १८६६ मध्ये नैनसिंह ल्हासाला पोहोचले. संपूर्ण प्रवासात त्यांनी सुमारे १,२०० मैल, म्हणजे जवळजवळ २५ लाख पावले मोजली.

गुप्ततेसाठी त्यांचा उल्लेख केवळ ‘पंडित’ असा होई. ज्याने इतरांना ल्हासाचे स्थान दाखवून दिले, त्याचे स्वतःचे नाव मात्र झाकलेले राहिले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल तिकिटावर ते २००४ मध्ये आले. तरीही त्यांना साम्राज्याने वापरलेले एक मोजमापाचे साधन समजणे अपुरे ठरेल. पुढील सर्वेक्षकांसाठी त्यांनी हिंदीत ‘अक्षांश दर्पण’ हा ग्रंथ लिहिला. पावलांनी कमावलेली विद्या त्यांनी आपल्या माणसांच्या भाषेत ठेवली.