संत गोन्सालो गार्सिया आणि वाचेचे धैर्य

ख्रिस्ती माणसाच्या धैर्याची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे क्रूस, भाले आणि रक्त ही उभी राहतात. मग आपण मनाशी म्हणतो, 'ते धैर्य संतांचे. आम्हां संसारी माणसांच्या अंगी ते कोठून येणार?' या म्हणण्यात नम्रता थोडी आणि सोय अधिक आहे. महोत्सवाच्या या मंगल वर्षी वसईच्या भूमीत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्राकडे वाचकांचे लक्ष आम्ही वेधू इच्छितो, ते याच कारणासाठी. त्यांचे मरण थोर होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या मरणाची तयारी कोठे झाली, हे पाहणे आपणांस अधिक हितकर आहे.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले व तरुण वयातच ते जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली आणि धर्मोपदेशकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कंठा होती. ती सफळ झाली नाही. मग त्यांनी व्यापार धरला व त्यात त्यांचा जम बसला. सुखाने आयुष्य कंठावे इतके साधन हाती आले असताना त्यांनी ते सोडले आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून प्रवेश केला. ना धर्मगुरूची दीक्षा, ना अधिकार! हाती होती ती फक्त एक परकी भाषा.

पण परमेश्वराने त्याच भाषेचा उपयोग करून घेतला. १५९३ साली फिलिपाईन्सच्या गव्हर्नराने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना वकील म्हणून जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीकडे पाठविले, तेव्हा दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो सोबत गेले. ज्या हिदेयोशीने १५८७ साली धर्मप्रचारकांना देश सोडून जाण्याचे फर्मान काढले होते, त्याच्यासमोर उभे राहून या वसईकराला बोलावयाचे होते! पुढे क्योतो येथे या संघाने चर्च उभारले, गोरगरिबांसाठी व महारोग्यांसाठी रुग्णालये चालविली. दुखणाईतांची विचारपूस करणे आणि राजदरबारी बोलणे, दोन्ही कामांना वाचा तीच होती.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरील मालावरून वाद पेटला, हिदेयोशीचा संशय व क्रोध बळावला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात धरपकड झाली. १५९७ च्या जानेवारीत बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीकडे चालविले. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघेही त्यांत सामील केले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. लुईस इबाराकी हा तर अवघ्या बारा वर्षांचा. पौल मिकी यांनी क्रुसावरून प्रवचन केले व मारेकऱ्यांना क्षमा केली. वाचा बंद पडेपर्यंत त्यांनी ती प्रभूच्याच कामी लावली. पोप पायस नववे यांनी १८६२ साली या सव्वीस रक्तसाक्षींना संतपद दिले.

आता या कथेचा पुढील भाग ऐकावा. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्माला बंदी झाली. धर्मगुरू उरले नाहीत. तरी नागासाकीच्या परिसरात खेडुतांनी बाप्तिस्मा व प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे जतन केल्या. पुढे नागासाकी येथे ओउरा चर्च उभे राहिले व ते या सव्वीस रक्तसाक्षींच्याच नावे अर्पण करण्यात आले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची काही माणसे तेथे आली आणि त्यांतील एका वृद्ध स्त्रीने फादर पेतिजाँ यांच्या जवळ जाऊन हळू आवाजात सांगितले की आमचाही धर्म हाच आहे. बंदी तेव्हा उठलेली नव्हती! या प्रकटीकरणाची किंमतही पडली. थोड्याच वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना हद्दपार करण्यात आले व त्यांतील शेकडो परागंदा स्थितीत मरण पावले. १८७३ साली बंदीचे फलक उतरले.

तर मग धैर्य म्हणजे काय? संत थॉमस अक्वायनस शिकवितात की चढाई करण्यापेक्षा संकटात अढळ राहणे हे धैर्याचे मुख्य कार्य होय. आणि उतावळेपणाला ते धैर्य म्हणत नाहीत, दोष म्हणतात. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात शिष्यांना धमक्या मिळाल्या, तेव्हा त्यांनी संकट टळो असे मागितले नाही. निर्भयपणे बोलता यावे एवढेच मागितले. हेच मागणे दृढीकरण संस्काराच्या वेळी आपल्याही मस्तकी ठेवण्यात आले आहे.

उराकामीकरांच्या मौनामागे तलवार होती. आपल्या मौनामागे काय आहे? भारताच्या राज्यघटनेचे पंचविसावे कलम आपल्याला धर्म आचरण्याचे व सांगण्याचे स्वातंत्र्य देते. तरी कचेरीत खोटा कागद पुढे आला की आपण मान खाली घालतो. भावकीच्या वाटणीत विधवेचा हिस्सा बुडत असता 'आपल्याला काय त्याचे' म्हणून उठून जातो. चारचौघांत जेवणापूर्वी क्रुसाची खूण करतानाही हात आखडतो. येथे कोणी भाला उगारलेला नसतो. चारचौघे काय म्हणतील, एवढीच भीती असते, आणि एवढ्याशा भीतीपुढे आपली वाचा बसते.

गोन्सालो यांनी एका दिवसात काहीच मिळविले नाही. नकार सोसला, धंदा सोडला, सर्वांत खालची जागा पत्करली, रोग्यांच्या उशाशी बसले. क्रूस आला तो या सर्वांच्या शेवटी. म्हणून प्रिय बांधवांनो, मोठ्या प्रसंगाची वाट पाहू नका. या आठवड्यात जे एक सत्य वचन तुमच्या ओठांवर येऊन अडले असेल, ते प्रेमाने व स्पष्टपणे बोला. महोत्सवाचे तोरण सुकेल, मंडप उतरेल. पण त्या वचनाने ज्याचा हक्क राखला जाईल, त्याच्या घरी आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव खरोखर साजरा होईल.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.