पदपथाची कड नकाशावर कशी नोंदवायची?

व्हीलचेअरवरचा माणूस किलोमीटरभर सरळ रस्ता आरामात पार करतो आणि पदपथाच्या सहा इंच कडेपाशी अडतो. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, पेण, उरण अशा आपल्या गावांत कितीतरी बुजुर्ग मंडळींचं मस्जिद, बँक, दवाखाना इथे जाणं कमी होतं, त्यामागे असे लहान अडथळे असतात. घरचे म्हणतात, 'आता त्यांना जमत नाही.' पण जमत नाही ते रस्त्यामुळे. हे अडथळे सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर नोंदवता येतात. त्याची माहिती इथे देत आहोत.

नकाशा कोणता?

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केला. विकिपीडियासारखं त्यात कोणीही मोफत खातं उघडून भर घालू शकतो आणि ती माहिती कोणीही वापरू शकतो. बर्लिनच्या एका संस्थेने २०१० मध्ये याच नकाशावर 'व्हीलमॅप' उभा केला. त्यात जागा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात दिसतात: व्हीलचेअर जाते, थोडी अडचण आहे, जात नाही.

कडेचे प्रकार

पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या कडेला कर्ब म्हणतात. जिथून माणूस रस्ता ओलांडतो, तिथल्या कडेची नोंद महत्त्वाची. नकाशात मुख्य प्रकार असे:

• सपाट (फ्लश): रस्ता आणि पदपथ एकाच पातळीवर.
• उतरवलेली (लोअर्ड): साधारण ३ सेंटीमीटर उंची.
• उंच (रेज्ड): ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त. व्हीलचेअर इथे अडते.
• गोलसर (रोल्ड): कड उतरती, पण चढायला जड.

सपाट कड सगळ्यांनाच सोयीची असते असं नाही. अंध माणूस काठीने कड चाचपून रस्ता कुठे सुरू होतो ते ओळखतो. कड अजिबात नसेल तर तिथे उठावाच्या फरश्या लागतात. त्या आहेत की नाहीत, हेही नोंदवायचं.

आपल्याकडे काय नोंदवायचं?

किनाऱ्यावरच्या बहुतेक आतल्या गल्ल्यांत पदपथच नाही. मग नोंदवायचं काय? तर 'पदपथ नाही' हीच नोंद. रकाना रिकामा राहिला तर माहिती नाही की पदपथ नाही, हे कळत नाही. याशिवाय पदपथाची रुंदी, पृष्ठभाग (पेव्हर ब्लॉक, डांबर, जांभा दगड, माती), चढ, पायऱ्या किती आणि कठडा आहे का, हेही टाकता येतं.

मस्जिदीची नोंद करताना दारातल्या पायऱ्या, रॅम्प आणि व्हीलचेअरने जाता येईल असं शौचालय पाहावं. वुजूच्या जागेपर्यंत पोहोचता येतं का, तेही बघावं. मदरसा, शाळा, एसटी स्थानक, जेट्टी यांनाही हेच लागू.

काम कसं करायचं?

अँड्रॉइड फोनवर 'स्ट्रीटकम्प्लीट' हे मोफत ॲप आहे. ते जवळच्या जागेबद्दल सोपे प्रश्न विचारतं आणि आपलं उत्तर नकाशात टाकतं. परिसराचा नकाशा आधी उतरवून घेतला तर रेंज नसतानाही काम होतं. कडेचा प्रश्न मात्र, पदपथ आणि ओलांडण्याची जागा आधी नकाशावर असेल तिथेच येतो. सोबत शाळेची पट्टी ठेवा. मुलांना मोजू द्या, पण वाहनांपासून लांब.

काही पथ्यं पाळावीत. डोळ्यांनी पाहिलेलंच लिहावं. गूगलच्या नकाशावरून उतरवू नये, त्याला परवानगी नाही. कोणत्या घरात दिव्यांग राहतात, हे कधीही नोंदवू नये. पावसात साचलेलं पाणी किंवा आज ठेवलेली वाळू अशा तात्पुरत्या गोष्टी टाकू नयेत.

नोंदीचा उपयोग

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कड १५० मिलीमीटरपेक्षा उंच नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं. मे २०२५ मध्ये पदपथाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ चा भाग असल्याचंही न्यायालयाने म्हटलं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो.

म्हणजे नियम आहेत, निधीची तरतूदही आहे. 'आमच्याकडे रस्ते खराब आहेत' असा अर्ज फाईलीत पडून राहतो. 'या चार ठिकाणी कड इतकी उंच आहे, हा नकाशा' असा अर्ज नगरपरिषदेला टाळणं कठीण जातं.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हे आपल्या दीनमध्ये ईमानचं काम मानलं आहे. मदिनेत अजान देणाऱ्यांपैकी हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम (रजि.) अंध होते. दगड उचलणं प्रत्येक वेळी आपल्या हातात नसतं. तो कुठे आहे हे सांगणं मात्र आहे. पुढच्या जुम्याला मस्जिदीच्या दारापासून सुरुवात करता येईल.