गोजिरा: युद्धावरून परतलेल्या दिग्दर्शकाचा राक्षस

१/ ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानमध्ये ‘गोजिरा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. समुद्रातून वर आलेला अजस्र प्राणी टोकियो बेचिराख करतो, ही त्याची वरवरची कथा. जग पुढे या प्राण्याला ‘गॉडझिला’ म्हणू लागले. मात्र दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी त्यात एका राष्ट्राची ताजी जखम चितारली होती.

२/ होंडा यांचा जन्म १९११चा. १९३३मध्ये ते चित्रपटक्षेत्रात आले. अकिरा कुरोसावा हे त्यांचे उमेदवारीच्या काळातले स्नेही. कुरोसावांचा पहिला चित्रपट १९४३चा. होंडांच्या पहिल्या कथापटाला १९५१ उजाडले. मधल्या काळात सैन्याने त्यांना तीनदा बोलावले होते. उमेदीची वर्षे चीनमध्ये, आक्रमक फौजेचा शिपाई म्हणून गेली.

३/ १९४६मध्ये मायदेशी परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले. पण १९५२पर्यंत जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता आणि अणुबॉम्बच्या परिणामांविषयीच्या लेखनावर व छायाचित्रांवर कडक नियंत्रण होते.

४/ १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट हिरोशिमाच्या सुमारे हजारपट होता. घोषित धोकाक्षेत्राबाहेर टूना पकडणाऱ्या जपानी बोटीवरील २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. त्यांपैकी बोटीचा रेडिओचालक सप्टेंबरमध्ये दगावला.

५/ अवघ्या सहा आठवड्यांनी पडद्यावर आलेल्या ‘गोजिरा’ची सुरुवातच समुद्रातील लखलखाटाने आणि जळणाऱ्या जहाजाने होते. एइजी त्सुबुराया यांनी शहराच्या लहान प्रतिकृती उभारल्या आणि जड रबरी पोशाखातल्या नटाकरवी त्या तुडवून घेतल्या. त्यानंतरचे जखमींनी भरलेले रुग्णालय आणि किरणोत्सार मोजण्यासाठी मुलापुढे धरलेले यंत्र होंडांनी माहितीपटाच्या संयमाने चित्रित केले.

६/ कथेचा खरा पेच डॉ. सेरिझावा या शास्त्रज्ञापुढे आहे. गोजिराला मारू शकणारे अस्त्र त्याच्याकडे आहे. पण ते राज्यकर्त्यांच्या हाती पडले तर? तो आपली टिपणे जाळतो आणि अस्त्रासोबत स्वतःलाही संपवतो.

७/ १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत नवा अमेरिकी पत्रकार घुसडण्यात आला. नागासाकी आणि किरणोत्सारी टूना यांचे उल्लेख गळाले. ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांचा झाला. मूळ आवृत्ती अमेरिकी चित्रगृहांत व्यापक प्रमाणावर लागली ती थेट २००४मध्ये.

८/ चाचण्या थांबल्या नाहीत तर दुसरा गोजिरा येईल, असा इशारा चित्रपटाच्या अखेरीस मिळतो. दुसरा गोजिरा खरोखर आला, पुढल्याच वर्षी. मात्र तो आला तिकीटबारीच्या हाकेवर. होंडांनी पुढे ‘मोथ्रा’, ‘मातांगो’ असे अनेक अद्भुतपट केले. त्यांच्याच काही चित्रपटांत गोजिरा पृथ्वीचा रक्षक आणि मुलांचा लाडका झाला. अखेरची वर्षे त्यांनी कुरोसावांचे सहकारी म्हणून काढली. १९९३मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘राक्षसपटांचा दिग्दर्शक’ हीच ओळख उरली होती. १९५४चा तो कृष्णधवल चित्रपट पाहिला, की ही ओळख किती अपुरी आहे ते कळते.